भुवईवरची खूण

पेन्सिलबाईला तिच्या खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस त्या गल्लीत आता उरलेलं नाही. कानामागे कायम पेन्सिल खोचलेली, म्हणून पेन्सिलबाई. तीच पेन्सिल ती दिवसातून चारदा टेबलावर, खणात, पायांखाली शोधते आणि काखेत कळसा म्हणतात तशी ती शेवटी कानामागेच निघते. वय त्रेसष्ट. डोळे मात्र अजून असे की समोरच्याची सकाळची दाढी कुठे राहिली ते तिला रस्त्याच्या पलीकडून कळतं.

तिचं काम म्हणजे लोकांची तोंडं नीट करणं. ओळखपत्राचे फोटो हल्ली कोपऱ्यावरच्या दुकानात मशिनीतून निघतात, तिच्याकडे येतात ते आजोबा-पणजोबांचे फाटके, डागाळलेले फोटो. पण तरुणपणी ती निगेटिव्हवर काम करायची. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं, काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं. सुरकुती, मुरूम, जुनी जखम हे तिथे फिक्या रेघेसारखं दिसतं. खिडकीसमोरच्या उतरत्या टेबलावर निगेटिव्ह ठेवायची, मागून उजेड येऊ द्यायचा, आणि त्या फिक्या जागेत पेन्सिलीचे इतके बारीक ठिपके भरायचे की नुसत्या डोळ्यांना कळू नयेत. मग कागदावर ती जागा उजळून येते आणि व्रण नाहीसा होतो. ही विद्या तिला बापाने शिकवली. गाव त्याला फोटोमास्तर म्हणायचं. मुलगी बापाच्या वर निघाली होती. बोलता बोलता तिची नजर समोरच्याच्या गालावर, कपाळावर फिरत राहायची. लग्नाला आलेल्या मुली उन्हात तिच्यासमोर उभ्याच राहत नसत.

फोटोमास्तरांचे नियम फारसे नव्हते, पण एक होता. घरात लावायच्या फोटोला पेन्सिल लावायची, पासच्या, म्हणजे ओळखीच्या कागदावरच्या फोटोला नाही. त्यांचं म्हणणं असं, की घरचा फोटो माणसाला आवडला पाहिजे आणि पासचा फोटो शिपायाला पटला पाहिजे.

त्यांच्या दुकानापासून दोन दुकानं पलीकडे फोटोच्या चौकटींचं दुकान होतं. मालक गेल्यावर त्याच्या मुलाने ते चालवायला घेतलं. घरात आई आणि नऊ वर्षांनी धाकटी बहीण, जिला सगळे बारकी म्हणत. या चौकटवाल्याची रीत अशी की प्रत्येक माप दोनदा घ्यायचं, मगच करवत उचलायची. सगळ्या गावाच्या चौकटी बरोब्बर बसायच्या. फोटोमास्तरांच्या दुकानासाठी केलेली चौकट मात्र दरवेळी बोटभर मोठी निघायची आणि ती बदलून द्यायला त्याला परत यावं लागायचं. मास्तर म्हणत, पोरगा कारागीर चांगला आहे, पण आपल्याच दुकानाचं माप त्याला कसं चुकतं कोण जाणे. मास्तर काही दूधखुळे नव्हते. ते असं म्हणत आणि फोटो धुवायच्या अंधारखोलीत निघून जात. आत काम असो वा नसो, पाऊण तास बाहेर येत नसत.

चौकटवाल्याच्या डाव्या, भुऱ्या भुवईत एक तिरकी, काळपट खाच होती. तो चौदा वर्षांचा असताना त्याने बारकीच्या बाहुलीच्या खोक्याची लाकडं चौकटीला वापरली होती आणि पाच वर्षांच्या बारकीने रागाने हाताला लागली ती लोखंडी कडी त्याला फेकून मारली होती. भुवई मधोमध फाटली, तिथे केस पुन्हा आले नाहीत. गाव त्यावरून थट्टा करायचं. पेन्सिलबाईला ती खाच सहन व्हायची नाही. म्हणजे माणूस आवडायचा, पण धंद्याची खोड. ती एकदा म्हणाली, बस इथे, काढते एक फोटो, दोन मिनिटांत घालवते तुझी ती रेघ.

"नको," तो म्हणाला. "ती राहू दे. बारकीची सही आहे ती माझ्यावर."

ती हसली आणि विसरून गेली. ते वाक्य पुढे तिला एक्केचाळीस वर्षं आठवत राहणार होतं.

मग लढाई आली. लांबून तोफा ऐकू यायला लागल्या, मग नदीच्या अलीकडे एक सैन्य आणि पलीकडे दुसरं. पुलावर चौकी बसली. पास असल्याशिवाय कुणी ओलांडायचं नाही, आणि पासावर फोटो हवा. फोटोमास्तरांचं दुकान कधी नव्हे ते दिवसभर भरलेलं. पाठोपाठ सक्तीची भरती निघाली. वीस ते तिशीतल्या पुरुषांनी नावं द्यायची, आणि नावं दिलेल्यांतला कुणी परत आल्याचं अजून ऐकिवात नव्हतं. चौकटवाला चोविसाचा होता.

मास्तर आणि कचेरीतला एक कारकून मिळून काय करत होते ते घरात कुणी उघड बोलत नसे. पेन्सिलबाईला ठाऊक होतं एवढंच, की काही जणांचे फोटो नोंदवहीत लिहायचे नाहीत आणि ते कारकुनाकडे बाबा स्वतः नेतात. अशी सात माणसं पुलापलीकडे सुखरूप गेली होती. आठवा चौकटवाला ठरला. त्याने शुक्रवारी सकाळी दूधवाल्यांच्या गर्दीत पूल ओलांडायचा, पलीकडे मावसभावाकडे पोचायचं, आणि महिन्याभरात निरोप धाडला की पेन्सिलबाईने मागोमाग यायचं. बाबांनी या बेताला मान हलवून होकार दिला होता. त्याच्या आईला मुलगा जाणार हे माहीत होतं, पेन्सिलबाई मागून जाणार हे नव्हतं. ते नंतर सांगू, असं दोघांचं ठरलं होतं. नंतर सांगू म्हणून ठेवलेल्या गोष्टींचं काय होतं ते तुम्हाआम्हाला माहीत आहे.

मंगळवारी बाबांनी त्याचा फोटो काढला. बुधवारी पासासाठी एक प्रत छापली, कात्रीने कापली आणि कारकुनाकडे पोचती केली. काम झालं म्हणून निगेटिव्ह पेन्सिलबाईच्या खणात आली. महिनाभर त्याचा चेहरा दिसणार नाही, तर आपल्याजवळ एक फोटो असावा, असं तिला वाटलं. यात कुणाला काय वावगं वाटावं? दुपारच्या उजेडात ती टेबलाशी बसली. गाल स्वच्छ होते, कपाळ स्वच्छ होतं, फक्त भुवईत ती रेघ. पासाची प्रत तर होऊन गेली होती, हा फोटो निव्वळ तिचा होता. तिने पेन्सिलीला टोक काढलं आणि ठिपके भरले. आयुष्यात तिने इतकं नाजूक काम आधी केलं नव्हतं आणि नंतरही केलं नाही. केसाला केस जुळला. स्वतःपुरती एक प्रत छापून तिने ती पेटीत कपड्यांखाली ठेवली आणि निगेटिव्ह खणात परत टाकली.

गुरुवारी कारकुनाचा घाईचा निरोप आला. त्याच्या हातून शाई सांडून फोटो खराब झाला होता, तासाभरात दुसरा हवा होता. त्या वेळी पेन्सिलबाई दुकानात नव्हती. ती चौकटवाल्याच्या घरी त्याच्या आईशेजारी बसून त्याच्या कोटाचं अस्तर शिवत होती. बाबांनी खणातून निगेटिव्ह काढली आणि छापली. उजेडासमोर धरून पाहिली नाही. पासच्या निगेटिव्हला या घरात कुणी पेन्सिल लावत नाही, मग पाहायचं कशाला?

आणि शुक्रवारी सकाळी त्याने तिला पास दाखवला. हे तिने पुढे एक्केचाळीस वर्षं कुणालाच सांगितलं नाही. घरामागच्या बोळात त्याने खिशातून पास काढला, उघडून तिच्यासमोर धरला आणि विचारलं, बघ, वाटतो का मी दुधाचा व्यापारी? तिने पाहिलं. रस्त्यापलीकडच्या माणसाची राहिलेली दाढी दिसणाऱ्या त्या डोळ्यांनी तिने तो फोटो नीट पाहिला, आणि तिला वाटलं, छान आलाय. बस, एवढंच वाटलं. स्वतःच्या हातचं काम माणसाला नेहमी बरोबरच दिसतं. शिवाय तिच्या मनात तो तसाच होता, बिनखाचेचा.

पुलावर काय झालं ते रांगेत त्याच्या मागे उभ्या असलेल्या दूधवाल्याने येऊन सांगितलं. शिपायाने पास घेतला, फोटो पाहिला, माणूस पाहिला, आणि सोडणार एवढ्यात पुन्हा पाहिलं. मग त्याने बोट चौकटवाल्याच्या भुवईवर ठेवलं आणि दुसरं फोटोवर. जखम जुनी, फोटो नवा, मग फोटोत जखम का नाही? हा फोटो दुसऱ्या कुणाचा तरी आहे. त्या पासावर नाव खोटं, गाव खोटं, धंदा खोटा. खरा होता तो एकटा फोटो, आणि नेमका तोच खोटा ठरला.

एकवीस दिवसांनी कागद आला. त्यात तो गेल्याची एकच ओळ होती. त्या एकवीस दिवसांत फोटोमास्तरांच्या दुकानावर एकही शिपाई आला नाही. यावरूनच कळलं, की फोटो कुणी काढला हे चौकटवाल्याने त्यांना सांगितलेलं नव्हतं. ते त्याच्याकडून काढून घ्यायला त्यांनी काय काय केलं असेल, याचा विचार पेन्सिलबाईने पुष्कळ वर्षं केला. मग करवेनासा झाला.

दूधवाल्याचं बोलणं ऐकलं त्याच दुपारी बाबांनी खणातली निगेटिव्ह खिडकीशी नेली. तिरपी धरली, की पेन्सिलीची चमक दिसते. ते बराच वेळ पाहत राहिले. मुलगी मागे उभी होती. त्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं नाही. निगेटिव्ह कागदात गुंडाळून आपल्या पत्र्याच्या डब्यात ठेवली, चपला घातल्या आणि दोन दुकानं पलीकडे गेले. ती त्यांच्या मागोमाग गेली. आता बोलू, उंबऱ्यात पोचल्यावर बोलू, असं म्हणत गेली.

उंबऱ्यात बाबाच बोलले. फोटोवर उजेड जास्त पडला, त्यात खूण उडाली, चूक माझी, असं ते चौकटवाल्याच्या आईला म्हणाले. एवढा कसबी माणूस, तीस वर्षं उजेड मोजत आलेला, त्याने हे सांगावं आणि ऐकणाऱ्याला खरं वाटावं, यासारखी दुर्दैवाची गोष्ट नाही. आई खाटेवर बसली होती. कोपऱ्यात पंधरा वर्षांची बारकी सरसाचा ब्रश हातात धरून उभी होती.

आई रडली नाही. "एकीने खूण केली," ती म्हणाली, "आणि एकाने घालवली. दोघांनी मिळून माझा पोरगा नेला."

बाबांनी मान खाली घातली. पेन्सिलबाईने बारकीकडे पाहिलं. बारकीच्या हातातल्या ब्रशावरून सरस तिच्या पायावर टपकत होता आणि तिला त्याचं भान नव्हतं. त्या क्षणी तोंड उघडलं असतं तर एका म्हाताऱ्याची आणि एका पोरीची सुटका झाली असती. तिला ते तेव्हाही कळलं होतं. तिने तोंड उघडलं नाही.

लढाई संपली. झेंडे बदलले, चौकी उठली. गावाने फोटोमास्तरांकडे जाणं हळूहळू सोडलं. कुणी भांडलं नाही, शिवी दिली नाही, पण ज्याच्या हातचा फोटो जीव घेतो त्याच्यासमोर कोण बसेल? मास्तर खचले ते खचलेच. सहा वर्षांनी अंथरुणाला खिळले तेव्हा एकदाच त्यांनी तो विषय काढला.

"तू काही सांगायचं नाहीस," ते म्हणाले. "माझं झालं सगळं. तुला अजून याच गल्लीत राहायचंय."

बापाची आज्ञा तिने मुकाट्याने पाळली. जन्मभर उलट उत्तरं देणारी मुलगी या एका बाबतीत इतकी आज्ञाधारक कशी झाली, हे तिचं तिलाही ठाऊक होतं. आज्ञा सोयीची होती. स्थळं आली, तिने प्रत्येकात खोट काढली. लोक म्हणाले, सवयच आहे तिला खोट काढायची.

चौकटींचं दुकान बारकीने चालवलं. तिनेही माप दोनदा घ्यायची रीत सोडली नाही. तिला मुलं झाली, नातवंडं झाली, ती चांगली अंगाने भरली, तरी गाव तिला बारकीच म्हणत राहिलं. तिच्याविषयी एक गोष्ट सगळ्यांना माहीत होती. ती मुलांवर कधी हात उगारत नसे, आणि कुणी चेंडू जरी जोरात फेकला तरी घरात निघून जाई. दोन दुकानं एकमेकांशी बोलत नसत. गिऱ्हाईक इकडे फोटो नीट करून घ्यायचं, तिकडे चौकटीत घालून घ्यायचं, आणि मधले निरोप त्यानेच इकडून तिकडे न्यायचे. अशी एक्केचाळीस वर्षं.

मागच्या हिवाळ्यात चौकटवाल्याची आई गेली. पंधरवड्याने एका सकाळी बारकी पेन्सिलबाईच्या दुकानात शिरली. पेन्सिलबाई उठून उभी राहिली, मग काय करावं ते न सुचून परत बसली. बारकीने पिशवीतून एक फोटो काढून टेबलावर ठेवला. आईच्या पेटीच्या तळाशी जुन्या शालीत गुंडाळलेला सापडला, म्हणाली. पासाच्याच फोटोची उरलेली प्रत, फोटोमास्तरांनी नंतर दिली होती, पण आईने जन्मात कुणाला दाखवली नाही. आता वाचनालयात लढाईत गेलेल्यांचे फोटो लावणार आहेत, सगळ्या घरांकडून मागवलेत. पण हा असा लावायचा नाही.

"यात ती खूण घाला," बारकी म्हणाली. "तुम्हाला जमेल. तुम्ही त्याला पाहिलेलं आहे. ती खूण नसली तर तो माझा भाऊ वाटत नाही. आणि मी केली ती लपवू कशाला? सगळ्यांना माहीतच आहे."

पेन्सिलबाईने पेन्सिल शोधली. या वेळी ती पहिल्यांदाच लगेच सापडली. काम काहीच नव्हतं. कागदावर एक गडद तिरकी रेघ, कडेला जरा सावली, पाच मिनिटं. बारकी फोटो घेऊन जाईल, वाचनालयात लागेल, आणि जे झाकलेलं होतं ते झाकलेलंच राहील. चौकटवाल्याची आई गेली, बाबा गेले, दूधवाला गेला. विचारणारं कुणी उरलं नव्हतं. तिने टोक भुवईवर आणलं. वर पाहिलं तर बारकी तिच्या हाताकडे पाहत उभी होती, तशीच, कोपऱ्यातल्या पोरीसारखी, फक्त केस पांढरे.

पेन्सिलबाईने पेन्सिल खाली ठेवली. कपाट उघडून बाबांचा पत्र्याचा डबा काढला आणि कागदाची घडी सोडली. निगेटिव्ह खिडकीशी तिरपी धरली आणि बारकीला म्हणाली, "हे चमकतंय ते बघ. ती पेन्सिल आहे. माझी. उजेड वगैरे काही जास्त पडला नव्हता."

मग तिने सगळं सांगितलं. बुधवारची दुपार, सांडलेली शाई, कोटाचं अस्तर. निरोप आला की पाठोपाठ तीही जाणार होती, ते. बोळात पास पाहिला आणि छान वाटला, तेही. सांगायला फार वेळ लागला नाही. एक्केचाळीस वर्षं जे तिच्याने उचललं गेलं नाही ते चहा निवायच्या आत सांगून झालं. शेवटी म्हणाली, "मी त्याला एकदा म्हटलं होतं, ती रेघ घालवते म्हणून. तर तो म्हणाला, राहू दे, बारकीची सही आहे ती माझ्यावर."

पेन्सिलबाईने टर्पेंटाइनची बाटली काढली, कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब घेतले आणि निगेटिव्हवरची भुवई पुसली. अर्ध्या मिनिटात पेन्सिल निघून गेली. खालची रेघ होती तशीच होती, तिला कुठे काही झालेलं नव्हतं. त्या गुरुवारी कुणी अर्धं मिनिट काढलं असतं, तर.

अंधारखोली तिने अजून मोडू दिली नव्हती. दोघी आत गेल्या आणि लाल दिव्याखाली औषधाच्या ताटलीवर वाकून उभ्या राहिल्या. कागदावर आधी केस आले, मग डोळे, मग भुवई, मधोमध तुटलेली. बारकीने ओल्या कागदाजवळ बोट नेलं, पण टेकवलं नाही.

"मला वाटायचं मीच मारला," ती म्हणाली. "आईलाही तसंच वाटायचं. जाईपर्यंत तिने माझ्या हातचं पाणी नीट घेतलं नाही. आणि तू दोन दुकानं पलीकडे होतीस, ताई. फक्त दोन दुकानं."

चुकले म्हणायला पेन्सिलबाईने तोंड उघडलं, पण तो शब्द इतका लहान वाटला की तिने तो परत गिळला.

फोटो वाळेपर्यंत बारकी बाकावर बसून राहिली. मग तिने कनवटीची टेप काढली, फोटोचं माप घेतलं, पुन्हा एकदा घेतलं. निगेटिव्ह मागितली, ती पेन्सिलबाईने दिली. वाचनालयात फोटोखाली तो काढणाऱ्याचं नाव लिहितात, तिथे मास्तरांचं नाव ठळक लिहायला सांगते, म्हणाली. त्यांचा फोटो चांगलाच होता. ती दारापर्यंत गेली तेव्हा पेन्सिलबाईला राहवलं नाही. पेटीतली आपली प्रत आणून तिने बारकीपुढे धरली. हीही घेऊन जा, म्हणाली, ही त्याच निगेटिव्हची आहे, मला आता ठेवायचा हक्क नाही.

बारकीने ती हातात घेतली. ते सरळ नाक, तो स्वच्छ गाल, केसाला केस जुळलेली ती अखंड भुवई तिने बराच वेळ पाहिली. मग प्रत टेबलावर ठेवली.

"ही तूच ठेव," ती म्हणाली. "हा कोण आहे ते मला माहीत नाही."

ती गेली. पेन्सिलबाई ती प्रत घेऊन खिडकीशी बसली. चेहऱ्यावर कुठे एक डाग नव्हता. तिने डोळे मिटून तो बोळातला खरा चेहरा आठवायचा प्रयत्न केला, पास उघडून धरलेला, हसणारा. पण तिला आठवला तो असाच, बिनखाचेचा, तिने केलेला.